कमानगल्लीचं बंदर

मंगळवार, वार्षिक परीक्षा संपल्यानंतरचा पहिला. ठिकाण, कमानगल्लीतल्या पिठाच्या गिरणीचा ओटा. हजर: माझी आई, कडेवर दळणाचा डबा, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका साळवेबाई, त्यांची शाळा सातवीला संपते म्हणून सगळ्या जगावर रागावलेल्या, सोडावॉटरच्या दुकानाचे मालक चाऊसचाचा, त्यांची मुलगी शहेनाज आणि मी, दोघी नुकत्याच सातवी झालेल्या, आणि सरकारतर्फे मयेकर नावाचे कारकून, घामानं निथळत असलेले. गैरहजर: समुद्र.

हजेरी घेण्याची सवय मला तेव्हापासूनच आहे. माझ्या घरात आजही फ्रिजवर याद्या असतात, याद्या कुठं ठेवल्यात त्याचीही एक असते, आणि मुलं त्यावरून चेष्टा करतात. करू देत. याद्या नसत्या तर त्यांचे डबे, फिया आणि लग्नं वेळेवर झाली नसती. पण त्या दिवशी जे झालं त्याला यादीची गरज नाही. ते मला चेहऱ्यांसकट आठवतं, कारण त्या दिवशी आमची गल्ली सरकारदरबारी समुद्रकाठी जाऊन बसली, आणि ती अजून तिथंच आहे.

गल्ली तेव्हा कशी होती ते आधी सांगते. शहराचं नाव औरंगाबाद होतं. आता छत्रपती संभाजीनगर आहे, आणि मधली काही वर्षं कोण कुठलं नाव घेतो यावरून माणसाचं मत, जात आणि मूड असं सगळं एकदम ओळखता यायचं. रिक्षावाला सगळ्या नावांना थांबतो आणि कुठल्याच नावाला मीटर टाकत नाही, त्यामुळं व्यवहारात फारसं अडत नाही. गल्लीत आम्ही होतो, खुलताबादकडच्या शेतीवरून उठून आलेले, बाबा चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीवर. साळवेबाईंचं घर कोपऱ्यावर. त्यांच्या दारावरचा निळा झेंडा आणि खिडकीतला पुस्तकांचा ढीग गल्लीत सगळ्यात उंच. समोर चाऊसचाचांचं दुकान, वर त्यांचं घर. मागच्या बोळात तेलुगू विणकर आणि नाक्यावर एक सिंधी कापडवाले. सगळे गुण्यागोविंदानं राहायचे असं लिहायची आता पद्धत आहे. खरं सांगायचं तर सगळे नळावर कडाकडा भांडायचे, आणि भांडताना कुणी कुणाची जात किंवा धर्म बघत नसे, फक्त कळशी कुणाची पुढं आहे ते बघत. एवढी समता मी नंतर कुठल्या सोसायटीत पाहिलेली नाही.

घरात सकाळ व्हायची ती आवाजांवरून. समोर चाचांच्या दुकानात बाटल्या भरताना गोटी वर चढून गळ्यात बसायची, तिचा ‘टक्’ असा आवाज एकामागून एक यायचा. मग गिरणीचा पट्टा सुरू व्हायचा आणि आमच्या मांडणीवरची भांडी थरथरायची. आई चुलीपुढून ओरडायची, “शाले, उठतीस का पाणी मारू?” आणि माझं उत्तर यायच्या आत पाणी मारायची. भाकरी, येसराची आमटी आणि कांदा, हे आमचं ठरलेलं. चाचांकडं सकाळी खिचडी आणि खट्टा असायचा, आंबट, लसणाची फोडणी घातलेला. शहेनाज वाटी घेऊन यायची आणि माझी आमटी घेऊन जायची. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. ती गणित सांगायची, मी निबंध. चाऊस म्हणजे पूर्वी निजामाच्या फौजेसाठी अरबस्तानातून आणलेल्या लोकांची घराणी. चाचांना त्या फौजेतून वारसा म्हणून मिळाली होती ती फक्त मिशी आणि शब्दाला जागायची खोड.

उन्हाळ्यात आई गच्चीवर खारोड्या घालायची. बाजरीच्या, तीळ-लसूण लावलेल्या, एकेक पळीनं मापून टाकलेल्या. आणि दौलताबादच्या डोंगराकडून माकडं यायची. आमच्या घरात त्यांना वानेर म्हणत, पण गच्चीवरून खाली उतरलं की सगळ्यांच्याच तोंडी दखनी यायची आणि वानेराचं बंदर व्हायचं. “बंदर आये!” अशी एक हाक गेली की आख्खी गल्ली काठ्या, झाडू, लाटणी घेऊन वर. हा शब्द ध्यानात ठेवावा. पुढचा सगळा गोंधळ त्याचाच आहे.

आता सरकारबद्दल. त्या वर्षी आमच्याकडं एक नवे साहेब बदलून आले होते, कोकणातल्या समुद्रकाठच्या एका जिल्ह्यातून. तिथं त्यांनी वस्त्यांच्या सोयीसुविधांची पाहणी केली होती आणि त्याबद्दल त्यांना वरून शाबासकी मिळाली होती. शाबासकी मिळालेला माणूस बदलत नाही. साहेबांनी तिथले उरलेले छापील तक्ते बरोबर आणले, आणि हाताखालचे मयेकरही बरोबर आणले, आणि हुकूम काढला की इथंही हाच तक्ता भरायचा, एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, लोक सांगतील तेच लिहायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. शेवटची सूचना मयेकरांनी अगदी मनापासून पाळली होती असं दिसत होतं.

साळवेबाईंना या पाहणीत एकाच गोष्टीत रस होता. आठवीचा वर्ग. तो मिळायचा तर ठरावीक संख्येनं मुली लागायच्या आणि त्या भरत नव्हत्या. भरणार कशा? माणसं गल्ली सोडून चालली होती. शहरात एकदा गडबड झाली होती, दोन दिवस दुकानं बंद, बस्स. पण त्यानंतर जो तो आपापल्यांत जागा शोधायला लागला. आपली मुलगी, आपली शाळा, आपली वस्ती. सिंधी कापडवाले जालना रोडपलीकडं गेले. विणकर गेले. जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, “तसं काय नाय हो, पाण्याचा लई त्रास.” पाण्यानं या शहरातल्या किती जणांची अब्रू झाकली आहे याची मोजदाद नाही.

आठवी गल्लीत नसेल तर मला क्रांती चौकापलीकडच्या शाळेत बसनं घालायचं असं घरात ठरलं होतं. शहेनाजचं ठरलं होतं ते वेगळं. सातवी झाली, बस. चाचा वाईट माणूस नव्हते. आठवीसाठी साळवेबाईंनी केलेल्या अर्जावर पहिली सही त्यांचीच होती. पण ती गल्लीसाठी होती. स्वतःच्या मुलीबद्दल ते एवढंच म्हणायचे, “पढ ली जितना पढना था. अब घर का सीखेगी.” शहेनाजनं त्या आठवड्यात तिची कंपासपेटी मला देऊन टाकली होती, आणि मी ती घेत नव्हते, आणि ती पेटी आमच्या दोघींच्या दारांमधून रोज ये-जा करत होती.

तर मंगळवारी मयेकर ओट्यावर बसले. चाचांनी त्यांना सोडा दिला. त्यांनी घर, नळ, संडास, दिवाबत्ती असं सगळं लिहून घेतलं. मग थोडे खाकरले, इकडंतिकडं पाहिलं, आणि ज्याचं उत्तर ‘नाही’ येणार याची त्यांना खात्री होती तो प्रश्न हलक्या आवाजात उरकून टाकला.

“बंदर?”

“हौ,” चाचा म्हणाले.

मयेकरांची लेखणी थांबली. “आहे?”

“है नै तो क्या! आते ना रोज.”

“रोज? म्हणजे... चालू आहे?”

“एकदम चालू है साब,” चाचा म्हणाले. “आप लोगां कुछ करतेच नै बोलके.”

मयेकरांनी कपाळ पुसलं. कोकणात लहानाचे मोठे झालेले गृहस्थ. बंदर म्हटलं की त्यांच्या डोळ्यापुढं धक्का, गलबतं आणि मासळी. त्यांनी पुढचा छापील प्रश्न वाचला. “मालाची आवक?”

याचं उत्तर द्यायला आई पुढं सरली. “आवक कसली वो! आणून कोण देतंय? नेत्यात! खारोड्या नेल्या, वाळत घातलेला परकर नेला, परवा चाऊसभाईंची टोपी नेली.”

“म्हणजे जावकच.”

“लई जावक.”

“येतात कुठून?”

“दौलताबादेकडून.”

मयेकर सगळं लिहीत होते. लोक सांगतील तेच लिहायचं. एकट्या साळवेबाईंच्या हा शब्दांचा घोळ लक्षात आला. त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही काय विचारताय आणि हे काय...” पण तोवर वरून खरोखरच हाक आली, “बंदर आये!” आणि ओटा रिकामा झाला. आई डबा तिथंच टाकून पळाली. मयेकरांनी एकट्यानं सोडा संपवला, ‘बंदर: आहे. आवक नाही. जावक भरपूर’ असं लिहून सही केली, आणि गेले. गलबतं आली म्हणून लोक लाटणी घेऊन का धावले, हा प्रश्न त्यांना पडला असणार; पण त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

पुढं काय झालं ते साळवेबाईंना सरकारी उत्तर आलं तेव्हा कळलं. आपली वस्ती किनारी वस्तीत मोडत असल्यानं आठवीचा वर्ग किनारी सवलतीखाली विचाराधीन आहे. मात्र बंदराची प्रत्यक्ष खातरजमा होईल. बाईंनी ते ओट्यावर वाचून दाखवलं आणि गल्ली पोट धरून हसली. मग बाईंनी सवलत म्हणजे काय ते सांगितलं. समुद्रकाठच्या मुलींना होडीनं लांब जावं लागतं, म्हणून तिथं कमी मुलींवरही आठवी मिळते. आमच्याइतक्या मुलींवर मिळते. हसणं थांबलं.

“मी खोटं लिहून देणार नाही,” साळवेबाई म्हणाल्या. “वर्ग गेला तरी चालेल.”

“हौ, झूठ नक्को,” चाचा म्हणाले.

“खोटं कोण बोलतंय?” आई म्हणाली. “त्यांनी इचारलं बंदर आहे का. आहे. येऊ द्या की बघायला. मी तर म्हणते सकाळच्याला या, ऊन चढलं की ते निघून जात्यात.”

खातरजमेला आलेले अधिकारी उंच, वाळलेले, निवृत्तीला टेकलेले. जीपमधून उतरले, कमान पाहिली, गटार पाहिलं, म्हणाले, “बंदर दाखवा.” आईनं गच्चीकडं बोट केलं. कठड्यावर एक दांडगा नर बसून आमची खारोडी चावत होता. मागं त्याचं सगळं खटलं. अधिकारी वर बघत राहिले. मग मयेकरांकडं बघितलं, जे जीपच्या मागं गेले होते. मग ओट्यावर बसले आणि म्हणाले, “पाणी द्या.”

चाचांनी सोडा फोडला. साळवेबाईंनी सरळ सगळं सांगून टाकलं. शब्द कसा फिरला, कुणी काय समजलं. “तुम्ही खरं तेच लिहा,” त्या म्हणाल्या.

“बाई,” अधिकारी म्हणाले, “खरं लिहायला मला काय जातंय. पण त्या तक्त्यावर साहेबांची सही आहे. मी माकड लिहिलं, तर साहेबांनी माकडांना बंदर म्हणून मंजुरी दिली असं होतं. हे मी त्यांना जाऊन सांगू? पेन्शनला माझी थोडीच वर्षं राहिलीत.” त्यांनी सोड्याचा घोट घेतला आणि चाचांकडं वळले. “तुमचं नाव?”

“चाऊस.”

“मूळचे कुठले?”

“इधरकेच.”

“त्याच्या आधी?”

चाचांनी मिशीवरून हात फिरवला. “दादा के दादा आये थे. अरबस्तान से. जहाज में. बम्बई उतरे, वहां से पैदल. सरकार की फौज के वास्ते.”

“म्हणजे समुद्रातून आले.”

“अब उड के तो नै आते साब.”

अधिकाऱ्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. त्यांनी लिहायला घेतलं आणि लिहितालिहिता मोठ्यानं वाचलं. “सदर वस्तीतील कुटुंबे समुद्रमार्गे आलेली असून त्यांचा बंदराशी पूर्वापार संबंध आहे.” साळवेबाईंकडं बघितलं. “यात खोटं काय?” खोटं काहीच नव्हतं. एवढं खरं आणि एवढं निरुपयोगी वाक्य मी नंतर सरकारी कागदावरसुद्धा क्वचित वाचलं.

ते उठणार एवढ्यात आई म्हणाली, “साहेब, एक इचारू का? ही सवलत समुद्रातनं आलेल्या घरांमुळं. मग त्या घरची पोरगीच वर्गात नसली तर?”

अधिकारी थांबले. त्यांनी आईकडं पाहिलं, मग शहेनाजकडं, जी दुकानाच्या दारात ती कंपासपेटी हातात घेऊन उभी होती, मग चाचांकडं. “तर मग सवलत कशाची?” ते म्हणाले. “निदान एक तरी मुलगी त्या घरातली पटावर लागेल. नाहीतर वर्ग नाही.”

असा नियम खरोखर होता की त्यांनी तो तिथंच ओट्यावर बसून केला, ते मला आजवर कळलेलं नाही. गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला. सगळ्यांच्या मुली एका माणसाच्या मानेवर येऊन बसल्या होत्या आणि तो माणूस रिकामी बाटली पुसत होता. त्याच्याकडं बघावं लागू नये म्हणून सगळ्यांनी वेगवेगळीकडं बघितलं. आई बघत होती थेट.

“भाभी,” चाचा हळू म्हणाले, “ये तुमने अच्छा नै करे.”

“न्हाय केलं,” आई म्हणाली. “मला चौथीतनं काढली तवा बी कुणी चांगलं केलं न्हवतं.”

चाचांनी आणखी एक बाटली उचलली, पुसली, ठेवली. मग शहेनाजकडं न बघता अधिकाऱ्यांना म्हणाले, “लिखो साब. शहेनाज. स्पेलिंग वो बताएगी, मेरेकू नै आती.”

वर्ग सुरू झाला. पहिल्या वर्षी किनारी शाळा म्हणून सरकारनं पोहण्याच्या सुरक्षेचे तक्ते पाठवले. ते बाईंनी भिंतीवर लावले, कारण पोपडे झाकायला काहीतरी हवंच होतं. चाचा आईशी बरेच दिवस बोलले नाहीत. खट्टा मात्र येत राहिला. शहेनाज आठवी झाली, नववी झाली, वर्ग पुढं वाढत गेले आणि ती त्यांच्यापुढं चालत राहिली. आज ती एका दवाखान्यात औषधांचा साठा सांभाळते आणि डॉक्टरांना दम देते. तिचे लोक गल्ली सोडून त्यांच्या वस्तीत गेले, आम्ही आमच्या. विचारलं की दोघीही सांगतो, पाण्याचा त्रास.

गल्लीत आता बिहारकडची कुटुंबं आहेत, वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत कामाला. काही बीडकडची, काही नेपाळची. सगळे रेल्वेनं किंवा ट्रकनं आलेले. समुद्रातून कुणीच नाही. शाळा मात्र किनारी सवलतीवरच चालू आहे, कारण मुली अजूनही नियमापेक्षा कमीच भरतात, आणि ज्या आहेत त्यांचे आईबाप क्रांती चौकापलीकडं पोरीला एकटं पाठवणारे नाहीत. मी त्या शाळेच्या समितीवर आहे. बैठकीच्या कार्यपत्रिकेत शेवटचा विषय वर्षानुवर्षं ‘बंदराबाबत दुरुस्ती’ हाच असतो, आणि तो वेळेअभावी पुढं ढकलण्यात आम्ही कधी चूक केली नाही.

पण या वर्षी सरकार संगणकावर आलं. साहेब जाऊन पोर्टल आलं, आणि पोर्टलला पेन्शनची काळजी नसते. किनारी सवलत चालू ठेवायची तर बंदराचा फोटो टाका, जागेच्या अक्षांश-रेखांशासकट. नाहीतर आठवी ते दहावीचे वर्ग आपोआप बंद. आताच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला फोन केला, मी शहेनाजला.

“तो क्या करना?” ती म्हणाली.

“खरं सांगून टाकू म्हणते.”

“सांग की,” शहेनाज मराठीत म्हणाली. मला टोचायचं असलं की ती मराठीत बोलते. “माझं झालं शिकून. आता तुला खरं बोलायला सुचलंय व्हय?”

काल जाऊन आले. निदान माकडांचा फोटो तरी काढावा म्हणून मोबाइल घेऊन शाळेच्या गच्चीवर चढले. डोंगराकडच्या बाजूला आता सहा मजली इमारती आहेत. माकडं येतच नाहीत, कुणी मला सांगितलं नव्हतं. खाली आठवीचा वर्ग सुटत होता. एका मुलीनं वर बघून विचारलं, “आंटी, क्या ढूंढ रहे हो?” “काही नाही,” मी म्हटलं. मुदत शुक्रवारपर्यंत आहे. फोटो काढायचा राहिलाय.